गाव ठरवण्याआधी पाण्याचा हिशेब मागा

मुंबई सोडायची, हे अनेक घरांत केव्हाच ठरलेले असते. घोडे अडते ते 'जायचे कुठे' या प्रश्नावर. मुलांना बेंगळुरू किंवा हैदराबाद खुणावते, आईवडील पुणे-नाशिकचे नाव काढतात, कोणी निवृत्तीनंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गात नाहीतर गोव्यात घर घ्यावे म्हणते. देशात कुठेही जाऊन स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे आणि पोटापाण्यासाठी नाइलाजाने नाही, तर पुढचे आयुष्य बरे जावे म्हणून हा हक्क वापरणारा मोठा मध्यमवर्ग आता तयार झाला आहे. तो चौकशी कसून करतो. चौरस फुटाचा दर काय, स्टेशन किती लांब, शाळा कोणत्या बोर्डाची, चांगले हॉस्पिटल जवळ आहे का, हवा कशी, शेजार कसा. पाण्याचेही तो विचारतो, पण एका वाक्यात: 'पाणी आहे ना?' समोरून 'चोवीस तास' असे उत्तर येते आणि विषय मिटतो. माझे म्हणणे असे की, विषय तिथून सुरू व्हायला हवा. नव्या गावाची निवड करताना पहिली कसोटी पाण्याच्या हिशेबाची असावी. पाणी येते कुठून, त्यावर आणखी कोणाकोणाचा हक्क आहे, मे महिन्यात त्यातले किती उरते आणि या सगळ्याची नोंद गावात कोणी ठेवते का, हे आधी विचारावे. ज्या गावाला याची उत्तरे देता येतात तिथे जावे. ज्याला देता येत नाहीत, तिथे देखणे घर स्वस्तात मिळत असले तरी पाऊल मागे घ्यावे.

पाण्याचा विचार आपण बहुतेक वेळा पावसावरून करतो आणि तिथेच फसतो. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. म्हणजे जिल्ह्याच्या नावावरून काही कळत नाही. पण पावसाचा आकडा मोठा असला म्हणून सुटलो असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तरी एप्रिल उजाडला की तिथल्या कितीतरी वाड्यांना टँकर सुरू करावे लागतात. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंतची पट्टी अरुंद, उतार तीव्र, नद्या आखूड. जांभ्या दगडात पाणी झटकन मुरते आणि तितक्याच झटकन झऱ्यांवाटे वाहून जाते. पगार भरभक्कम आणि महिनाअखेरीस शिल्लक शून्य, अशी ही स्थिती आहे. मेघालयातल्या चेरापुंजीला हिवाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तीही काहीशी अशाच कारणाने. ऑगस्टमध्ये हिरवागार डोंगर आणि ओसंडणारा पऱ्या पाहून कोकणात जागा घेणाऱ्याने निदान एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच वाडीत जावे आणि सार्वजनिक विहिरीच्या काठावर उभे राहून पाणी किती हात खाली गेले आहे ते पाहावे. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. माणसे बाहेर गेली त्याला रोजगार हे मुख्य कारण होते हे खरे. पण आता 'सेकंड होम' म्हणून तिथे परतणाऱ्यांची गरज वेगळी आहे. जुन्या घराला विहिरीचे दहा-बारा हंडे पुरत होते. नव्या बंगल्याला शॉवर, वॉशिंग मशीन, बाग आणि कधी कधी पोहण्याचा तलावही लागतो, आणि हे सगळे त्याच झऱ्यावर.

घाटावर चित्र निराळे आहे, पण अधिक आश्वासक म्हणावे असे नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. शेजाऱ्याच्या बोअरला शंभर फुटांवर पाणी लागले म्हणून आपल्याला लागेलच असे नाही आणि आज लागले म्हणून पाच वर्षांनी राहीलच असेही नाही. 'प्लॉटमध्ये बोअर आहे, भरपूर पाणी आहे' हे वाक्य म्हणूनच पुरावा ठरत नाही. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्याने साठ मीटरहून खोल विहिरी घेण्यावर निर्बंध आणले, ते हौस म्हणून आणलेले नाहीत. खोलवर साठलेले पाणी उपसले की ते भरून यायला फार काळ जातो. प्रत्यक्षात बोअरच्या गाड्या पाचशे फुटांपर्यंत बिनदिक्कत जातात, हे गावोगावी सगळ्यांना ठाऊक आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींतली पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या नोंदींवरून एखाद्या भागातले पाणी वर्षानुवर्षे खाली जाते आहे की टिकून आहे, हे कळू शकते. घराच्या सात-बाराचे उतारे तीस वर्षे मागे जाऊन तपासणारा खरेदीदार त्या गावाच्या विहिरींची दहा वर्षांची पातळी तपासत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण दुसरी चौकशी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

हिशेब आणि पाऊस या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते हिवरे बाजारने दाखवून दिले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावात पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. १९७२च्या दुष्काळानंतर गाव उठून कामाच्या शोधात बाहेर पडले होते. १९९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पाणलोटाची कामे सुरू झाली. पण बांध आणि चर तर पुष्कळ गावांनी खणले. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन दरवर्षी पाऊस मोजायला, साठलेल्या पाण्याचा अंदाज बांधायला आणि कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत बसून त्यावरून ठरवायला सुरुवात केली. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत, ही बंधने गावाने स्वतःवर घालून घेतली. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, तिथे परतलेल्या माणसाला आपल्या वाट्याचे पाणी किती, हे जूनमध्ये नसले तरी पावसाळा सरताना निश्चित कळते. कराडला लागून असलेल्या मलकापूरने शहरी वस्तीत हेच वेगळ्या मार्गाने केले: घरोघरी मीटर बसवले, वापर वाढेल तसा दर चढता ठेवला आणि नळाला चोवीस तास पाणी दिले. कोयनेचा काठ त्यांना लाभला आहे हे खरे, पण नदीकाठची कितीतरी गावे दिवसाआड पाणी पितात. फरक मीटरने पडला.

याच्या अगदी उलट टोकाला २०१६चे लातूर आहे. लातूर हे काही उपेक्षित खेडे नव्हते. 'लातूर पॅटर्न'चा लौकिक असा की, दहावी झालेल्या मुलाला घेऊन आईवडील परजिल्ह्यांतून तिथे येत, खोली घेत, दोन वर्षे तिथेच मुक्काम ठोकत. कॉलेजे, क्लास, वसतिगृहे, दवाखाने, व्यापार, सगळे होते. मोजले गेले नव्हते ते एकच, मांजरा धरणातले पाणी. पाऊस लागोपाठ हुकला, धरणाच्या लाभक्षेत्रात आणि भोवतालच्या जिल्ह्यांत ऊस वाढत राहिला, शहर फुगत राहिले आणि धरण तळाला गेले. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. मग १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेली पहिली रेल्वे सुमारे ३४० किलोमीटर धावून लातूरला पोहोचली. पाच लाख लिटर तिने आणले. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. साडेतीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहराला ती एक खेप माणशी जेमतेम सात लिटर पडत होती. खेड्यांसाठी जलजीवन मिशनने धरलेले किमान प्रमाण दिवसाला माणशी ५५ लिटर आणि शहरांसाठीचे १३५ लिटर आहे, म्हणजे हे सात लिटर काय चीज होती ते लक्षात येईल. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धरणात पुन्हा पाणी आले आणि चर्चा थांबली. पण मुलाच्या बारावीसाठी लातूर निवडणाऱ्या पालकाच्या यादीत 'धरणात किती महिन्यांचे पाणी असते' हा प्रश्न त्याआधी नव्हता, आणि त्यानंतरही तो कितीजणांनी धरला, याची मला शंका आहे.

पुण्याला जाणाऱ्याला वाटते की, आपले तसे होणार नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसीचा साठा शहराच्या उशाशी आहे. पण त्या साठ्यावर शहराचा एकट्याचा हक्क नाही. दौंड-इंदापूरपर्यंतची शेती त्याच कालव्याच्या आवर्तनांची वाट पाहत असते. आणि महत्त्वाचे म्हणजे बाहेरून आलेला माणूस घर घेतो ते सदाशिव पेठेत नाही. तो घेतो कडेच्या भागात, जिथे दर परवडतो. २०१७मध्ये अकरा आणि २०२१मध्ये आणखी तेवीस गावे महापालिकेत आली. इमारती त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या, जलवाहिन्या त्यामागून निघाल्या. मधल्या काळासाठी बिल्डरकडून हमीपत्र घेतले जाते की, महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. सोसायटी हस्तांतरित झाल्यावर ती सोय करणे म्हणजे काय, हे ज्या समितीला रोज पहाटे फोन फिरवावे लागतात तिला विचारावे. गेटबाहेर दहा हजार लिटरचा टँकर उभा राहतो, वॉचमन झाकण उघडतो, जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडला जातो आणि वहीत खेप लिहिली जाते. शंभर फ्लॅटची सोसायटी, दर घरी चार माणसे, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ५४ हजार लिटर, म्हणजे पाच-सहा टँकर. टँकरला हजार रुपये धरा. महिन्याला एक लाख ६२ हजार. दर घरामागे मेंटेनन्सखेरीज सोळाशे रुपयांहून थोडे अधिक, वर्षाला एकोणीस हजारांच्या पुढे. घराच्या किमतीत वाचवलेले पैसे असे हप्त्याहप्त्याने परत जातात, आणि गृहकर्जाला निदान शेवटचा हप्ता असतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की, पैसे टाकले की पाणी मिळतेच. ज्याला परवडते त्याने कशाला चिंता करावी? हे उत्तर बऱ्या वर्षांपुरते खरे आहे. टँकर पाणी तयार करत नाही. तो ते कुठल्या तरी विहिरीतून, बोअरमधून किंवा भरणा केंद्रावरून आणतो, आणि ज्या महिन्यात तुमची बोअर आटते त्याच महिन्यात त्याचीही आटते. मार्च २०२४मध्ये बेंगळुरूने हे अनुभवले. शहरातल्या सुमारे चौदा हजार सरकारी बोअरवेलपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्या, टँकरचे भाव इतके चढले की प्रशासनाला दर बांधून द्यावे लागले, आणि कोट्यवधींच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या सोसायट्यांनी पाण्याच्या वेळा ठरवून दिल्या. तिथे पैसा कमी नव्हता. शिवाय टँकरच्या पाण्याची प्रत कोण तपासते? २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत, नांदेड, किरकटवाडी, धायरी या नव्याने शहरात आलेल्या पट्ट्यात गुईलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशय दूषित पाण्यावर आला. हातपाय लुळे पडलेली माणसे महिनोन्‌महिने रुग्णालयांत होती. पैसे मोजून पाण्याचे प्रमाण विकत घेता येते; त्यामागची देखरेख तशी विकत घेता येत नाही, ती त्या गावच्या व्यवस्थेत असावी लागते.

दुसरे उत्तर असते, 'योजना मंजूर आहे'. जाहिरातीत आणि निवडणुकीतही ते सारखेच वापरले जाते. पण मंजूर योजना आणि नळातले पाणी यांत किती वर्षे जातात, ते आधीच्या नोंदीवरून पाहता येते. बेंगळुरूत २००७मध्ये ११० गावे महापालिकेत आली आणि त्यांच्यासाठी आखलेला कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला ऑक्टोबर २०२४मध्ये. सतरा वर्षे. पहिलीतले मूल तेवढ्यात शिक्षण संपवून नोकरीला लागते. आणि ते पाणीही शंभरेक किलोमीटरवरून, कित्येक शे मीटर उंच उपसून आणलेले, म्हणजे विजेचा दर वाढला की महाग होणारे. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण जिवाला लागणारे आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी येथे हे शहर वसवले तेव्हा डोंगरउतारावरचे भूजल भूमिगत नहरींनी वस्तीत खेळवले होते. वस्ती आणि पाणी यांचा विचार एकत्र झाला होता. आज पन्नासेक किलोमीटरवर १०२ टीएमसीचे जायकवाडी धरण असताना शहरातल्या कित्येक वस्त्यांना आठवड्यातून एकदा पाणी मिळत आले आहे. नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२०मध्ये झाले. शिवाय जायकवाडीत किती पाणी असेल, हे फक्त पाऊस ठरवत नाही. १५ ऑक्टोबरला धरण ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही, यावर दर टंचाईच्या वर्षी न्यायालयापर्यंत वाद जातो. हा वाद मला निराशाजनक वाटत नाही. समन्यायी वाटपाचा नियम आहे, तारीख आहे, टक्का आहे, म्हणजे निदान हिशेबाची वही उघडी आहे. पण तिथे घर घेणाऱ्याला ती वही असते हे तरी ठाऊक असावे.

'निवड करायची सोय असते कोणाला? नोकरी जिथे, तिथे जावे लागते,' हा आक्षेप मी हलका मानत नाही. तरुण माणसाला बेंगळुरूत काम मिळाले तर त्याने पाण्याचे कारण देऊन ते नाकारावे, असे सांगणे अव्यवहार्य ठरेल. पण नोकरी शहर ठरवते, वस्ती ठरवत नाही. त्याच बेंगळुरूत कावेरीचे नळ आधीपासून पोहोचलेले जुने भाग आणि बोअर-टँकरवर उभे राहिलेले आयटी पार्कभोवतीचे भाग यांच्यात २०२४च्या मार्चमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. ऑफिसपासून वीस मिनिटे लांब पण जलवाहिनीवरचे घर, की ऑफिसशेजारचे पण टँकरवरचे, ही निवड भाडेकरूच्याही हातात असते. घरमालकाला मागच्या एप्रिलचे पाण्याचे बिल आणि टँकरच्या पावत्या दाखवायला सांगण्यात गैर काही नाही. भाड्याने राहणाऱ्याला एक मोठा फायदाही असतो: एक उन्हाळा काढून पाहायचा आणि मग विकत घ्यायचे. जिथे कायमचे राहायचे तिथे आधी वर्षभर भाड्याने राहणे परवडत असेल, तर ते पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

पाण्याच्या हिशेबात जास्तीचे पाणीही येते, आणि कोल्हापूर-सांगलीकडे किंवा चिपळूणला जाणाऱ्याने ते विसरू नये. चेन्नईत डिसेंबर २०१५मध्ये घरे बुडाली आणि त्याच शहरात २०१९च्या उन्हाळ्यात जलाशय आटून जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तळी आणि पाणथळ जागा बुजवल्या की पुराचे पाणी थांबत नाही आणि मुरतही नाही. पंचगंगेने आणि कृष्णेने २०१९मध्ये, मग २०२१मध्ये पुन्हा, काय केले ते ताजे आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्याला टेकले. जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. हे नकाशे नगरपालिकेत किंवा पाटबंधारे कार्यालयात जाऊन पाहता येतात. 'नदीकिनारी, निसर्गाच्या सान्निध्यात' असलेला प्लॉट या दोन रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे पाहिल्याशिवाय इसार देणे म्हणजे स्वतःच्या हाताने घर पाण्यात घालणे होय.

निवृत्तांच्या बाबतीत मला सर्वांत खरा वाटणारा आक्षेप वेगळाच आहे. सत्तरीच्या माणसाला पाण्याआधी हृदयाचा डॉक्टर लागतो, बोलायला माणसे लागतात, आपली भाषा लागते. बरोबर. मी दवाखान्याला दुय्यम म्हणत नाही. पण पाण्याचा ताण सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त म्हाताऱ्या माणसांवरच पडतो. रात्री दोनला पाणी सुटणार म्हणून जागणे, बादल्या उचलणे, टँकरवाल्याची मनधरणी करणे, ही कामे तिशीतला माणूस कुरकुरत करतो. पंचाहत्तरीतल्या जोडप्याला ती झेपत नाहीत. सोलापूरसारख्या शहरात, उजनीत मोठा साठा असूनही, पाणी चार-पाच दिवसांआड येत राहिले. तिथली घरे पिंपांनी भरलेली असतात आणि ती पिंपे भरणे-रिकामी करणे हे एक रोजचे काम होऊन बसते. डायलिसिस, शस्त्रक्रिया, वॉर्डांची स्वच्छता हेही पाण्यावरच चालते, तेव्हा दवाखाना आणि पाणी या दोन स्वतंत्र कसोट्या नाहीत. गोव्यात जाऊन निवांत राहण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनीही हे पाहावे की, बार्देशसारख्या भागाचे पाणी मोठ्या प्रमाणात तिळारीच्या कालव्यातून येते. धरण सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, कालवा दोन राज्यांतून, आणि तो फुटला की ऐन हंगामात नळ कोरडे पडतात.

आता राहिला सगळ्यांत अवघड मुद्दा. सगळेच पाणी पाहून राहायला गेले तर मराठवाडा, माण-खटाव, जत यांचे काय? त्यांनी रिकामे व्हायचे का? ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर लाखो माणसे बिऱ्हाड घेऊन बाहेर पडतात. कोयता हातात घेऊन जाणाऱ्याला कुठे जायचे ते मुकादम सांगतो आणि उचल सांगते. त्याच्याशी तुलना करता घर निवडणाऱ्याचा प्रश्न सुखवस्तूच म्हणायचा. हे मान्य करूनच मी म्हणतो की, ज्यांना निवड करता येते त्यांनी प्रश्न विचारला तर त्याचा फायदा ज्यांना ती करता येत नाही त्यांनाही होईल. आज बहुतेक नगरपालिका पाण्याचा हिशेब जाहीर करत नाहीत, कारण तो कोणी मागत नाही. बाहेरून पैसे घेऊन येणारा माणूस तो मागू लागला, तर लपवणे महाग पडेल. आणि दुसरे असे की, नवा रहिवासी पाणी बरोबर घेऊन येत नाही. ते कोणाच्या तरी वाट्यातून जाते. मुंबईला रोज सुमारे चारशे कोटी लिटर पाणी लागते. त्याचा मोठा भाग शहापूर तालुक्यातल्या आणि आसपासच्या भातसा, तानसा, वैतरणेच्या धरणांतून येतो, आणि त्याच शहापूरच्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. धरणाच्या भिंतीपासून काही किलोमीटरवर बाई हंडा घेऊन उभी असते आणि तिच्या गावावरून जलवाहिनी शंभर किलोमीटर लांब जाते. मुंबईत राहायला येणाऱ्या, किंवा मुंबई सोडून पुण्याच्या कडेला जाणाऱ्या, कोणालाही ही गोष्ट आपल्या निवडीबाहेरची मानता येणार नाही. पाणी कुठून येते हे विचारणे म्हणजे ते कोणाकडून येते हे विचारणे.

म्हणून खरेदीदाराच्या चौकसपणावर हे सगळे सोडून चालणार नाही. बांधकामाला परवानगी देताना महापालिका रस्त्याची रुंदी, एफएसआय, पार्किंग यांचे आकडे काटेकोर पाहते. तितक्याच काटेकोरपणे तिने एक आकडा जाहीर केला पाहिजे: शहराला मंजूर पाणी किती, त्यातले प्रत्यक्ष किती उचलले जाते, गळती वजा जाता किती उरते आणि आजवर दिलेल्या परवानग्यांनुसार येत्या पाच वर्षांत किती लागणार आहे. ही बेरीज-वजाबाकी प्रभागवार मांडून मालमत्ता कराच्या बिलासोबत घरोघरी पाठवावी, आणि जिथे ती उणे येते तिथे नव्या इमारतींच्या परवानग्या पाणी येईपर्यंत थांबवाव्यात. घरे महाग होतील, असे बिल्डर म्हणतील. होतील थोडी. पण आज स्वस्त घराची उरलेली किंमत रहिवासी टँकरच्या बिलात मोजतो आहे आणि तिच्यातला काही भाग शहापूरसारख्या ठिकाणची माणसे मोजत आहेत; ती किंमत परवानगीच्या कागदावरच, खरेदीआधी, सर्वांसमोर यावी एवढीच मागणी आहे. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी हा हिशेब फळ्यावर मांडू शकते, तर हजारो कोटींचे अंदाजपत्रक आणि अभियंत्यांची फौज असलेल्या महापालिकांना तो जमत नाही, हे आपण ऐकून घेऊ नये.